एमजीबीचं हेड गॅस्केट परत परत जातंय? २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरचं दुखणं नीट शोधा

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं पातळ पॅकिंग. ते गेल्याची लक्षणं आधी सांगतो, तुमच्या गाडीशी जुळतात का बघा. गाडी हायवेला मस्त चाललेली असते, एखादा लांब चढ लागतो आणि एकदम पिकअप जातो, बाजूला घेऊन उभी केली तर आयडलला इंजिन इतकं थरथरतं की आरशात काही दिसत नाही, आणि मधूनमधून कार्बोरेटर फट् फट् करून उलटं थुंकतं. टेंपरेचरचा काटा जागेवर, ऑईल प्रेशर जागेवर, रेडिएटरचं पाणी जागेवर. पांढरा धूरही नाही. मग मालकाला वाटतं इंजिन बसलं, आणि गॅरेजवाल्याला वाटतं कार्बोरेटर गेला, आणि दोघंही चुकीच्या टोकाला पैसे घालायला लागतात.

ज्या गाडीवरून हे लिहितोय ती १९७० ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), मालक आमच्या ओळखीतले एक नागपूरकर डॉक्टर. मी राहतो इंग्लंडमधल्या रेडिंगला, जिथे या गाड्या १९६२ ते १९८० बनल्या ते ॲबिंग्डन इथून पाऊण तासावर, त्यामुळे या भागात एमजीबी अजून बऱ्याच दिसतात आणि त्यांची दुखणीही बघायला मिळतात. डॉक्टरांच्या गाडीचं हेड गॅस्केट आधी वेगवेगळ्या गॅरेजांनी बदललेलं होतं, दर वेळी हेड फेसिंग करून (म्हणजे त्याचा खालचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करून), नवीन गॅस्केट टाकून, आणि दर वेळी पुढच्या उन्हाळ्यात तोच प्रकार. शेवटी एकाने नवीन इंजिनच टाका असं सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे आले. इंजिन टाकायची काही गरज नव्हती. पण नुसतं गॅस्केट बदलूनही भागणार नव्हतं, आणि मुद्दा हाच आहे की गॅस्केट स्वतःहून जात नाही, त्याला कोणीतरी घालवतं, तो कोण हे सापडेपर्यंत हेड परत बसवू नका.

थोडं इंजिनाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं डोक्यात बसणार नाही. हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज इंजिन, १७९८ सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचं. आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये कितीतरी वर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं ते याचंच कमी सीसीचं भावंड. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) एकच, ८८.९ मिलिमीटर. वाढवला तो बोअर (सिलिंडरचा व्यास), ॲम्बॅसिडरला ७३ आणि एमजीबीला ८०.२६. म्हणजे ताकद काढायला सिलिंडर रुंद करत नेले आणि दोन सिलिंडरच्या मधलं धातू कमी होत गेलं, गॅस्केटला बसायला पट्टी राहिली बारीकशी. त्यात हेडची रचना अशी की चार सिलिंडरला एक्झॉस्टचे पोर्ट तीनच, १ चा वेगळा, ४ चा वेगळा, आणि २ व ३ चा मिळून एक मधला. म्हणजे दोन सिलिंडरचा जळका गॅस एकाच भोकातून बाहेर, त्यामुळे हेडचा तो मधला भाग सगळ्यात जास्त तापतो. पट्टी बारीक, वर सगळ्यात गरम जागा. म्हणून जायचं झालं की गॅस्केट बहुतेक वेळा तिथंच जातं, २ आणि ३ च्या मधे.

इनलेट मात्र दुसऱ्या हिशोबाने आहे. १ आणि २ ला मिळून एक पोर्ट, त्यावर पुढचा एसयू कार्बोरेटर, ३ आणि ४ ला मिळून एक, त्यावर मागचा. ही गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धं निदान बॉनेट उघडल्या उघडल्या होतं. १ आणि २ एकत्र मिस मारत असतील तर पुढच्या कार्बोरेटरकडे बघा, ३ आणि ४ एकत्र मारत असतील तर मागच्याकडे, आणि २ व ३ एकत्र मेलेत तर कार्बोरेटरला हातही लावू नका, कारण ते दोन सिलिंडर वेगवेगळ्या कार्बोरेटरवर आहेत आणि दोन्ही कार्बोरेटर अर्धे अर्धे बिघडले असं सहसा होत नाही. फक्त एक खात्री करा, २ आणि ३ च्या प्लगच्या वायरी कोणी उलटसुलट तर लावल्या नाहीत ना, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, सर्व्हिसिंगनंतर लगेच हे दुखणं सुरू झालं असेल तर हे पहिलं बघा, फुकटात सुटेल.

कुठला सिलिंडर मेलाय ते कळायला आयडलवर एकेक प्लगची वायर काढून बघायची जुनी पद्धत आहेच, इन्सुलेटेड पक्कड वापरा, आणि गाडीला नंतर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर वायर मोकळी सोडू नका, जुना प्लग लावून तो बॉडीला टेकवून ठेवा नाहीतर मॉड्यूल उडेल. जी वायर काढून इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये.

अजून एक युक्ती, याला काहीच हत्यार लागत नाही. कॉइलची वायर काढून नुसता स्टार्टर मारा आणि कान द्या. चांगलं इंजिन एका लयीत फिरतं. २ आणि ३ गेलेलं इंजिन एक जड एक हलका, एक जड एक हलका असं लंगडत फिरतं, कारण १-३-४-२ या क्रमात चांगला, मेलेला, चांगला, मेलेला असेच येतात. शेजारशेजारचे १ आणि २ गेले असतील तर दोन हलके लागोपाठ येतात, मग लय वेगळी. एकदा कान बसला की गेजच्या आधी कळतं.

आता कॉम्प्रेशन टेस्ट, आणि ही नीट करा, कारण बरेच लोक थंड इंजिनावर, थ्रॉटल बंद ठेवून करतात आणि मग आकडे बघून घाबरतात. इंजिन गरम करून घ्या, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायला कोणालातरी बसवा, बॅटरी फुल असू द्या. त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हचं गॅप) बघून घ्या, इंजिन थंड असताना १५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) पाहिजे, व्हॉल्व्ह टाइट असेल तर तो पूर्ण बसत नाही आणि गॅस्केट चांगलं असूनही आकडा पडतो. इथे नऊचा हिशोब चालतो, ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना १ चं गॅप बघायचं, ७ उघडा असताना २ चं, बेरीज नऊ. चांगल्या इंजिनाला १६० पीएसआयच्या आसपास आकडा येतो, पण मला स्वतःला आकड्यापेक्षा चारही जवळजवळ आहेत का हे जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळे १४० असले तरी गाडी चालेल. डॉक्टरांच्या गाडीचे आले १ ला १७५, २ ला ६५, ३ ला ६०, ४ ला १७०.

यातले ६५ आणि ६० बघून सगळे म्हणतात गॅस्केट, आणि बरोबरच आहे. पण मला खटकले ते १७५ आणि १७०. पन्नास वर्षांच्या इंजिनाला एवढं कॉम्प्रेशन? हे कशामुळे ते पुढे येतंय.

एकच सिलिंडर पडलेला असेल तर गोष्ट वेगळी. त्यात चमचाभर ऑईल घालून परत मोजा, आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह. इंग्लंडमध्ये १ जानेवारी २००० पासून लेडवालं पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून बंद झालं, आणि ज्या हेडमध्ये कडक सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) बसवलेल्या नाहीत त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये धसत जातो, त्याने टॅपेटचं गॅप आपोआप कमी होत जातं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. दर वेळी त्याच एका व्हॉल्व्हचं गॅप कमी झालेलं दिसलं तर समजा तो प्रकार. त्यावर औषध म्हणजे कडक सीट, गॅस्केट नाही.

लीकडाऊन टेस्टर मिळाला तर अजून सोपं. सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणून हवा भरायची आणि हवा कुठून निघते ते ऐकायचं. कार्बोरेटरमधून निघाली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून एक्झॉस्ट, ऑईलच्या झाकणातून रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पाण्याच्या बाजूला गॅस्केट फुटलंय किंवा हेडला क्रॅक. आमच्या केसमध्ये २ मध्ये हवा भरली तर ३ च्या प्लगच्या भोकातून फुर्रर्र. विषय संपला.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. गॅस्केट गेलं म्हणजे पाणी कमी होणार, ऑईल दुधाळ होणार, पांढरा धूर येणार, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. २ आणि ३ च्या मधे गेलं तर यातलं काहीही होत नाही, कारण गॅस फक्त या सिलिंडरमधून त्या सिलिंडरमध्ये जातोय, पाण्याचा संबंधच नाही. रेडिएटरच्या तोंडावर धरायचं ते निळं केमिकल असतं ना, जे एक्झॉस्टचा गॅस मिळाला की पिवळं होतं, ते इथे निळंच राहणार. डॉक्टरांच्या गाडीवर एका गॅरेजने ती टेस्ट करून गॅस्केट चांगलं आहे असं लिहून दिलं होतं. उलट ऑईलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली म्हणून हेड उतरवणारे पण आहेत, इथल्या थंडीत गाडी दहा मिनिटं चालवून परत शेडमध्ये घातली की ती साय येतेच, नुसता दमटपणा असतो. डिपस्टिक स्वच्छ असेल तर सोडून द्या.

तर निदान झालं, हेड उतरवायचं. पण आता खरा प्रश्न, हे परत परत का होतंय. मिरजेला माझे मामा आयुष्यभर ॲम्बॅसिडरची कामं करायचे, त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी पहिलं काय विचारलं तर, "अरे, मधे कोणी रॉकर सोडला होता का? आणि सोडताना पाणी काढलं होतं का?" डॉक्टरांकडची जुनी बिलं काढली तर गॅस्केट टाकल्यावर काही महिन्यांनी एका गॅरेजने पुशरॉड बदलल्याचं बिल होतंच. या इंजिनात हेडचे अकरा नट आहेत आणि त्यातले चार रॉकर शाफ्टच्या (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्या दांड्यावर बसतात त्याच्या) खुर्च्यांमधून जातात. म्हणजे रॉकर काढायचा तर हेडचे चार नट सुटतात. नुसते ते चार सोडले तर हेड एका बाजूने ढिलं आणि दुसऱ्या बाजूने आवळलेलं, ते पिळवटतं, गॅस्केटची पकड जाते, शिवाय पाणी काढलेलं नसेल तर ते ऑईलमध्ये उतरायची भीती. नियम असा की पाणी काढा आणि अकराही नट थोडे थोडे क्रमाने सैल करा, परत आवळतानाही अकराच्या अकरा मधून बाहेर अशा क्रमाने. मामा म्हणाले, "रॉकर काढला की हेडच काढलं असं धरायचं." इंजिन न बघता मिरजेत बसून हे विचारतात, आणि इथे तासाला शंभर पौंड घेणाऱ्यांना सुचत नाही, असो.

हेड काढल्यावर सगळ्यांचं लक्ष हेडकडे जातं. स्ट्रेट एज आणि फीलर गेज घेऊन हेड तपासतात, लेथवाल्याकडे फेसिंगला देतात, परत येतं चकाचक. ब्लॉककडे कोणी बघत नाही कारण तो गाडीतच असतो. तिथे दोन गोष्टी बघा. एक म्हणजे स्टडच्या (हेडचे नट ज्यावर बसतात त्या आट्यांच्या दांड्यांच्या) भोकांभोवतीचं धातू, वर्षानुवर्षं आवळून आवळून आटे ते वर ओढतात आणि भोकाभोवती बारीक उंचवटा येतो, बोटाला लागत नाही पण स्ट्रेट एजला लागतो. स्टड काढून भोकाच्या तोंडाला हलकी चेंफर मारली की गेला. स्टड परत बसवताना नुसते हाताने टेकवा, आवळू नका, ताणलेले किंवा आटे खराब असलेले असतील तर सरळ नवीन घ्या. दुसरी गोष्ट, २ आणि ३ च्या मधली पट्टी. गॅस्केट गेलेलं असताना गाडी चालवली की तो गरम गॅस त्या पट्टीतून कापत जातो आणि तिथे घळ पडते. आमच्या ब्लॉकला ती नखाला लागत होती. म्हणजे दर वेळी सपाट केलेलं हेड आणि नवीन गॅस्केट या घळीवर बसत होतं. किती दिवस टिकणार.

आणि ते १७५ चं कॉम्प्रेशन. हेड दर वेळी फेसिंग केलं, दर वेळी थोडं धातू गेलं, कंबश्चन चेंबर लहान होत गेला. पुस्तकात ८.८ ला १ असलेलं कॉम्प्रेशन रेशो आता त्याच्या पुष्कळ वर गेलेलं. कॉम्प्रेशन वाढलं की इंजिनाला टायमिंगमधली (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते त्यातली) चूक सहन होत नाही, नॉकिंग (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं) सुरू होतं, आणि नॉकिंगचे ठोके थेट गॅस्केटच्या त्या मधल्या पट्टीवर. म्हणजे दर फेसिंगने पुढचं गॅस्केट जायची सोय होत होती. फेसिंगला देण्याआधी हेडची जाडी मोजा, आणि सपाट असेल तर उगाच फेसिंग करू नका, बिडाचं हेड ॲल्युमिनियमसारखं पटकन वाकत नाही.

नॉकिंग ऐकू येत नव्हतं का, असं डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले कधीच नाही. छत काढलेली गाडी, ताशी सत्तर मैलांचा वेग, वारा, सायलेन्सरचा आवाज, कसं ऐकू येणार. आणि टायमिंग तर प्रत्येक गॅरेजने टायमिंग लाईट लावून बरोबर १० अंशाला (टीडीसीच्या आधी) ठेवलेलं होतं, मी बघितलं तेव्हाही १० च दाखवत होतं.

इथेच खरा चोर सापडला. क्रँकच्या पुढच्या पुलीवर टायमिंगची खूण असते. या गाडीची पुली दोन भागांची, आत लोखंडी बॉस, बाहेर लोखंडी कडं, मधे रबर. रबर पन्नास वर्षांचं झालं की सुटतं आणि बाहेरचं कडं खुणेसकट सरकतं. मग लाईट काय दाखवतो त्याला काही अर्थ नाही, कारण खूणच खोटी. तपासायचं असं की १ नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालायचा, म्हणजे आतला भाग पोकळ करून बोल्ट बसवलेला जुना प्लगसुद्धा चालतो, इंजिन हाताने हळूच एका बाजूला फिरवायचं, पिस्टन टेकला की पुलीवर खूण करायची, मग उलट्या बाजूला फिरवून टेकला की दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मधे खरा टीडीसी. स्टार्टरने फिरवू नका, पिस्टनला भोक पडेल. डॉक्टरांच्या गाडीची खूण खऱ्या टीडीसीपासून ८ अंश पुढे सरकलेली निघाली. म्हणजे सगळ्यांनी मनापासून १० अंश लावलेलं टायमिंग खरं १८ होतं, वर वाढलेलं कॉम्प्रेशन, वर साधं पेट्रोल, आणि चढावर पूर्ण थ्रॉटल. (खूण उलट्या बाजूला सरकली तर टायमिंग मागे पडतं, गाडी आळशी होते आणि तापते, तेही दुखणं लोक रेडिएटरमध्ये शोधत बसतात.)

मिक्स्चर पण बघा. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालं, इथेनॉलमुळे मिक्स्चर थोडं लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं, आणि जुन्या रबरी होज आतून सुटायला लागतात. सुपर अनलेडेड अजून ई५ मिळतं, ऑक्टेनही ९७ किंवा त्याहून जास्त, या इंजिनांना तेच घाला. भारतात ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांना ई२० मुळे हाच प्रश्न जास्त मोठा आहे, होज आधी बदलून घ्या.

शेवटी काय केलं तर इंजिन खाली उतरवलं, ब्लॉकचा वरचा भाग घळ जाईपर्यंतच मशीन करून घेतला, जास्त नाही. आधीच बारीक झालेलं हेड टाकून जुन्या बाजारातून पूर्ण जाडीचं हेड आणलं, कडक सीट बसवल्या. नवीन स्टड, नवीन नट, चांगल्या कंपनीचं कंपोझिट गॅस्केट, कोरडं, कुठलंही सोल्युशन न लावता. आवळताना ४५ ते ५० फुट-पौंड, तीन टप्प्यांत. टॉर्क पाना कधी तपासला होता ते आठवत नसेल तर आधी तपासून घ्या. पाचशे मैलांनंतर इंजिन थंड असताना एकेक नट किंचित सैल करून परत टॉर्कला आणायचा, एकाच वेळी एकच, आणि मग टॅपेट परत लावायचे, पण हे गॅस्केटच्या कंपनीने सांगितलं असेल तरच, काही गॅस्केटना री-टॉर्क लागत नाही.

पुली नवीन टाकली. सरकलेल्या पुलीवर नुसती नवी खूण रंगवून चालवणारे बघितलेत, टायमिंग तेवढ्यापुरतं लागतं पण सुटलेलं रबर परत धरत नाही, खूण पुन्हा सरकणार, आणि एखाद्या दिवशी कडं निघून रेडिएटरमध्ये घुसलं तर ते काम वेगळं. नवीन घ्या किंवा रबर परत बाँड करून देणारे आहेत त्यांच्याकडे पाठवा. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर तेही त्याच वेळी करून घ्या, नाहीतर आयडलला टायमिंग बरोबर आणि तीन हजार आरपीएमला नको तितकं पुढे.

आता आकडे १५८, १६०, १५५, १६० आहेत. ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी हेडला हात लावायच्या आधी पिस्टन स्टॉप घालून पुलीची खूण तपासा आणि चारही सिलिंडरचे आकडे, गाडीचं साल आणि हेड आधी किती वेळा फेसिंग झालंय हे कमेंटमध्ये टाका, मग बोलू.